गुडिसनच्या सातबाऱ्यावर बायकांचं नाव

एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या संचालक मंडळास खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक मंडळ,
एव्हर्टन फुटबॉल क्लब, लिव्हरपूल

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला टपालानं धाडली आहे. ती एका पानाची, कडक इस्त्रीची. हे मराठीतलं मात्र ऐसपैस लिहितेय. एक तर मला धड रागावता येतं ते मराठीतच. आणि दुसरं म्हणजे, माझ्या कोल्हापूरच्या माणसांनाही कळू दे की ही बाई दर पंधरवड्याला कुठं जाते आणि घसा बसवून का परत येते.

मुद्दा आधी सांगते. मे २०२५ मध्ये तुम्ही जाहीर केलंत की पुरुषांचा संघ मर्सी नदीकाठच्या नव्या मैदानावर गेला तरी गुडिसन पार्क पाडायचं नाही, एव्हर्टनचा महिला संघ यापुढं तिथं खेळेल. त्याआधीचा बेत वेगळा होता. मैदान जमीनदोस्त करून तिथं घरं, आरोग्यकेंद्र, मोकळी जागा असं काहीबाही उभारायचं, आणि कागदोपत्री ते बरंच पुढंही गेलं होतं. तुमचा निर्णय मी बसमध्ये वाचला. शेजारच्या अनोळखी आजोबांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. तेव्हा माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही. ती एका क्रियापदाबद्दल आहे.

‘दिलं.’

पबात, बसथांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडं तेच ऐकते. पोरं नव्या घरी गेली, जुनं बायकांना दिलं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट जरा औदार्याचाच सूर असतो. थोरल्यानं बंगला बांधला, आता जुना वाडा बहिणीला राहू दे, असा.

आमच्याकडं हा सूर फार ओळखीचा आहे. वडील गेले की महिन्याभरात भाऊ एक कागद पुढं करतो. हक्कसोडपत्र. ‘तुला काय कमी आहे, सही कर’ म्हणतो. बहीण सही करते, सातबाऱ्यावरून तिचं नाव उतरतं, आणि पुढं आयुष्यभर माहेरची एक साडी ‘दिली’ म्हणून तिला ऐकवली जाते. जे तिचंच होतं त्यातलं चिमूटभर परत करायचं आणि त्याला देणं म्हणायचं. (शहरातल्या जागेला सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, हे मला ठाऊक आहे. माझा मामा तलाठी होता. पण सातबारा म्हटल्याशिवाय आमच्याकडं जमिनीच्या भांडणाला रंग चढत नाही.)

गुडिसनवरचं बायकांचं नाव तर सहीसुद्धा न घेता उतरवलं गेलं होतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात जमिनीपासूनच करू, कारण तुमच्या क्लबाचा जन्मच जागेच्या वादातला. १८७८ मध्ये सेंट डोमिंगो नावाच्या चर्चच्या पोरांनी संघ काढला, पुढच्या वर्षी त्याचं नाव एव्हर्टन झालं. १८८४ पासून ते खेळायचे अॅनफील्डवर. होय, आज लिव्हरपूलचा संघ जिथं खेळतो त्याच अॅनफील्डवर. क्लबाचे अध्यक्ष जॉन होल्डिंग हे बिअरचे कारखानदार आणि शहरातले वजनदार राजकारणी. भाडं वाढत गेलं, जागा क्लबानं त्यांच्या अटींवर विकत घ्यावी असा त्यांचा आग्रह. सभासद बिथरले. त्यांच्या बाजूनं उभे राहिले जॉर्ज मेहन, ज्यांनी त्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता. स्टॅन्ली पार्कच्या पलीकडं मियर ग्रीन नावाचं ओबडधोबड रान होतं, ते त्यांनी हेरलं. डॉ. जेम्स क्लेमंट बॅक्स्टर यांनी हजार पौंड बिनव्याजी काढून दिले. होल्डिंगकडं मैदान उरलं आणि संघ उरला नाही, म्हणून त्यांनी १८९२ मध्ये नवा संघ काढला. त्याचं नाव लिव्हरपूल. भाडेकरू आणि मालकाच्या भांडणातून शहराला दोन क्लब मिळाले, आणि दोन्हींच्या मध्ये एक बाग. आमच्या पेठांची भांडणं यापुढं काहीच नाहीत.

गुडिसन हे नावही ऐकण्यासारखं आहे. रस्त्याला ते मिळालं जॉर्ज गुडिसन या अभियंत्यावरून, आणि त्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वॉल्टनच्या, म्हणजे मैदान आहे त्याच भागाच्या, स्थानिक मंडळाला सांडपाण्याचा अहवाल लिहून दिला होता. पंढरी म्हणून मिरवतो त्या जागेचं नाव गटारांच्या अहवालावरून आलं, हे मला फार आवडतं. २४ ऑगस्ट १८९२ ला मैदानाचं उद्घाटन झालं, इंग्लंडमधल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या फुटबॉल असोसिएशनचे लॉर्ड किनेर्ड आले. त्या दिवशी धावण्याच्या शर्यती झाल्या, वाद्यवृंद वाजला, आतषबाजी झाली. फुटबॉल तेवढा नव्हता. पहिला सामना २ सप्टेंबरला, बोल्टनविरुद्ध, आणि एव्हर्टन ४-२ नं जिंकलं.

पुढचं सारं तुम्हाला पाठ असणार. तुमच्याच भिंतीवर लिहिलेलं आहे. १८९४ चा एफए कप फायनल इथं झाला. १९१३ मध्ये पाचवा जॉर्ज राणीसह येऊन गेला. ग्लासगोच्या आर्चिबाल्ड लीच या वास्तुविशारदानं १९०९ पासून एकेक बाजू बांधत आणली आणि १९३८ मध्ये ग्लॅडिस स्ट्रीटची बाजू पुरी झाली, तेव्हा चारही बाजूंना दुमजली स्टँड असलेलं हे इंग्लंडमधलं पहिलं मैदान ठरलं. लीचची खूण म्हणजे वरच्या मजल्याच्या कठड्यावरची लोखंडी फुल्यांची जाळी. बुलेन्स रोडच्या बाजूला ती अजून आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, एवढ्या मोठ्या स्टँडला कुणीतरी क्रोशाची किनार विणली आहे.

डिक्सी डीनबद्दल लिहिल्याशिवाय इथला माणूस मला सोडणार नाही. १९२७-२८ च्या हंगामात लीगमध्ये ६० गोल, शेवटचे तीन आर्सेनलविरुद्ध ह्याच गवतावर. आजवर तो विक्रम कुणी मोडलेला नाही. १ मार्च १९८० ला लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहायला तो इथं आला आणि इथंच हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वारकऱ्यानं वाळवंटात देह ठेवावा तसं. १९४८ मध्ये ७८,२९९ माणसं आत मावली होती, हा मैदानाचा उच्चांक. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियानं पोर्तुगालवर तीन गोल चढवले आणि मग युसेबियोनं एकट्यानं चार मारून सामना ५-३ असा फिरवला, तोही इथंच. उपांत्य फेरीत मात्र इथं इंग्लंड खेळायला आलंच नाही, ते वेम्बलीवर खेळलं. त्याचा राग इथल्या म्हाताऱ्यांना अजून येतो. हिशेबानं तो साठ वर्षांचा राग आहे, पण मुरलेल्या लोणच्यासारखा टिकलाय.

आता ज्या दिवसासाठी मी लिहायला बसले, त्याकडं येते.

२६ डिसेंबर १९२०. नाताळचा दुसरा दिवस. इंग्लंडात तो फुटबॉलचा हक्काचा दिवस असतो, आपल्याकडं पाडव्याला म्हशी पळवायला नेतात तसा. त्या दिवशी गुडिसनवर सामना होता डिक, कर लेडीज आणि सेंट हेलेन्स लेडीज यांच्यात. डिक, कर हा प्रेस्टनचा कारखाना. आधी ट्रामचं सामान करायचा, महायुद्धात दारूगोळा करायला लागला. पुरुष आघाडीवर गेले होते, यंत्रांवर बाया होत्या. जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू लाथाडता लाथाडता १९१७ मध्ये त्यांचा संघ झाला. आल्फ्रेड फ्रँकलंड नावाच्या कारकुनानं त्यांचे सामने जमवायला सुरुवात केली, तिकिटांचे पैसे जखमी सैनिकांना जायचे. युद्ध संपलं, बाया घरी परतल्या नाहीत. निदान चेंडू तरी घेऊन परतल्या नाहीत.

त्या दिवशी गुडिसनवर ५३,००० माणसं आली. हजारो माणसांना फाटकाबाहेरून परत जावं लागलं. खेळाडूंना कपडे बदलायच्या खोलीपर्यंत पोचायला पोलिसांची मदत घ्यावी लागली. संघाची मुख्य आघाडीची खेळाडू फ्लोरी रेडफर्ड त्या दिवशी पोचलीच नव्हती. मध्यंतरानंतर कर्णधार अॅलिस केलनं बचावातली आपली जागा सोडली, पुढं गेली आणि तीन गोल मारले. सामना ४-० असा संपला. गल्ल्यात ३,११५ पौंड जमले आणि ते गेले कामधंद्याविना फिरणाऱ्या माजी सैनिकांसाठी.

५३,००० हा आकडा जरा तोंडात घोळवून बघा. इंग्लंडमध्ये महिला क्लबांच्या सामन्याला याहून जास्त गर्दी व्हायला मे २०२३ उजाडावा लागला. मधली शंभर वर्षं हा विक्रम तुमच्या मैदानाच्या नावावर होता. डीनचे साठ गोल शाळेतल्या पोरालाही माहीत. हा आकडा मला इथं राहायला येऊन चार वर्षं झाल्यावर कळला, तोही चर्चच्या सभागृहात चहा पिताना.

(ज्यांनी गुडिसन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मैदानाच्या एका कोपऱ्यात सेंट ल्यूकचं चर्च असं घुसलेलं आहे की जणू तिकीट न काढता सामना बघायला आलंय. दोन स्टँडच्या मधल्या फटीत ते बसलंय, आणि त्याला धक्का न लावता मैदान वाढवायचं म्हणून तो कोपरा कधी बंदिस्त झाला नाही. सामन्याच्या दिवशी त्यांच्या सभागृहात चहा मिळतो आणि जुन्या गोष्टी फुकट.)

आणि मग? वर्ष भरायला तीन आठवडे बाकी होते. ५ डिसेंबर १९२१ ला फुटबॉल असोसिएशननं ठराव केला. हा खेळ बायकांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि सभासद क्लबांनी आपली मैदानं अशा सामन्यांना देऊ नयेत. जोडीला पैशांच्या हिशेबाबद्दलही शंका घेतली, की गोळा झालेल्या रकमेतला फार मोठा भाग खर्चात जातो. त्याच साली खाणकामगारांची टाळेबंदी झाली होती आणि महिलांच्या संघांनी त्यांच्या कुटुंबांसाठीही सामने खेळले होते. सैनिकांसाठी पैसे जमवणाऱ्या बाया सगळ्यांनाच आवडतात, मालकांशी भांडणाऱ्या कामगारांसाठी जमवणाऱ्या नाहीत. त्याचा ठरावाशी संबंध होता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण माझा संशय जात नाही.

ठरावात एक बारकावा आहे, तो नीट बघा. बायकांना खेळायला बंदी घातली नव्हती. तशी घालायचा असोसिएशनला अधिकारच नव्हता. बंदी घातली ती जागेवर. खेळा हो, खुशाल खेळा, पण आमच्या मैदानावर नाही. गवत, स्टँड, तिकीटखिडकी, पाटी, सगळं काढून घेतलं. उरली सार्वजनिक बागेतली मातीची मैदानं आणि रग्बी क्लबांची मेहेरबानी. डिक, करच्या मुली त्यावरही खेळत राहिल्या. १९२२ मध्ये अमेरिकेला जाऊन पुरुषांच्या संघांविरुद्ध खेळून आल्या. संघ १९६५ पर्यंत टिकला. पण ५३,००० माणसं बागेत उभी राहू शकत नाहीत. गर्दी मेली ती जागा गेल्यामुळं, हौस गेल्यामुळं नव्हे. आणि मग पन्नास वर्षं सांगितलं गेलं की बायकांचा फुटबॉल बघायला येतंय कोण?

ही बंदी उठली १९७० च्या दशकाच्या तोंडावर. असोसिएशननं माफी मागितली २००८ मध्ये. माफी मागायला लागलेला वेळ बंदीपेक्षा फार कमी नाही.

त्या पन्नास वर्षांत गुडिसनचं लाडकं नाव काय होतं? द ग्रँड ओल्ड लेडी. मैदान म्हणजे थोर म्हातारी आणि आत बाईला खेळायची मुभा नाही, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. एक काम मात्र होतं. टॉफी लेडी. जुन्या वेशातली मुलगी सामन्याआधी मैदानाला फेरी मारून प्रेक्षकांत गोळ्या उधळायची. गोड प्रथा आहे, मीही एकदा झेलली आहे. पण अॅलिस केलनं जिथं तीन गोल मारले तिथं तिच्यानंतरच्या पिढ्यांना हातात टोपली मिळाली, हेही खरं.

हे सगळं मला एवढं का झोंबतं, तेही सांगून टाकते. मी कोल्हापूरची. आमच्याकडं फुटबॉल पेठेपेठेचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, एकेका तालमीचा संघ, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्ध्या गावाच्या दुकानांत गिऱ्हाईकाकडं कुणाचं लक्ष नसतं. माझ्या लहानपणी घरात तीन जर्सी वाळत असायच्या, तिन्ही भावांच्या. मी दारातल्या बोळात भिंतीवर चेंडू मारायचे. तो बोळ माझाच होता, कुणी अडवलं नाही. एकदा शाळेच्या मैदानावर गेले तेव्हा सरांनी गोड शब्दांत सांगितलं, ‘बाळ, मैदान मुलांना लागतं, तू तिकडं कडेला खेळ.’ खेळू नको म्हणाले नाहीत. कडेला खेळ म्हणाले. १९२१ चा ठराव मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या सरांचाच आवाज ऐकू आला.

तुमच्या महिला संघाची कहाणीही कडेनंच चालत आलेली आहे. १९८३ मध्ये नदीपलीकडं विरलच्या बाजूला हॉइलेकला संघ सुरू झाला, पुढं त्याचं नाव लीझो पॅसिफिक झालं. त्या नावानं १९८९ मध्ये त्यांनी महिलांचा कप जिंकला. एव्हर्टन हे नाव मिळालं १९९५ ला. १९९८ मध्ये लीग, २०१० मध्ये आर्सेनलला ३-२ नं हरवून पुन्हा कप. आणि घर? इथं नाही तर तिथं. शेवटी २०२० पासून वॉल्टन हॉल पार्क, छोटं, वाऱ्यावरचं, गुडिसनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या पायऱ्यांवर कुडकुडत उभं राहून मी तो मोठा निळा स्टँड मनात धरलेला आहे. आमच्या गावी देवळाच्या पायरीवरून कळसाला हात जोडतात तसा.

१८ मे २०२५ ला पुरुषांचा इथला शेवटचा सामना झाला. साउदॅम्प्टनला २-० नं हरवलं, दोन्ही गोल एन्दियायचे. मला तिकीट मिळालं नाही. मी गुडिसन रोडवर उभी होते, हजारोंमध्ये. मोठी माणसं भिंतीला हात लावून रडत होती. एक बाई नवऱ्याची अस्थी जिथं पुरली त्या बाजूच्या फाटकाशी फुलं ठेवत होती. आठशेहून अधिक माणसांच्या अस्थी या मैदानाच्या कडेला पुरलेल्या आहेत, पुढं जागा उरली नाही म्हणून क्लबाला ती प्रथा थांबवावी लागली. नव्या मैदानात ५२ हजारांवर खुर्च्या आहेत, पण ही आठशे माणसं काही गोदीकाठी राहायला गेलेली नाहीत.

गोदीची गोष्ट निघाली आहे तर एक बोलून घेते. ब्रॅम्ली-मूर गोदीतलं तुमचं नवं मैदान देखणं आहे, मला आवडलं. पण जुलै २०२१ मध्ये युनेस्कोनं लिव्हरपूलच्या बंदराला जागतिक वारशाच्या यादीतून काढलं, तेव्हा दिलेल्या कारणांत या मैदानाचाही उल्लेख होता. त्या यादीचं फार कौतुक करावं असं मला वाटत नाही. पडक्या, ओस गोदीपेक्षा गजबजलेलं मैदान बरं. तरी शहरानं त्यासाठी किंमत मोजली आहे. तेव्हा एका जागेच्या वारशाचा हिशेब असा झाला असताना दुसऱ्या जागेचा तरी नीट ठेवा.

आता मागण्या. थोड्याच आहेत.

पहिली, आणि तिच्यावर मी अडून बसणार आहे. २६ डिसेंबर १९२० हा दिवस मैदानाच्या दर्शनी भागात आणा. कोपऱ्यात पितळी पाटी लावून भागवू नका. डीन आणि अॅलन बॉल, केंडल, हार्वी या जुन्या खेळाडूंचे पुतळे तुम्ही बाहेर उभारलेत, ते शोभलेच. पण जिथून आता मुली धावत मैदानात येतात, त्या वाटेवर ५३,००० हा आकडा दिसू दे. दोन्ही संघांची नावं दिसू देत, डिक, करचं आणि हरलेल्या सेंट हेलेन्सचंही. आणि त्याखाली ५ डिसेंबर १९२१ ही तारीख. तीही हवी. तारखा लपवल्या की दिलं-घेतलंची भाषा परत येते. डिसेंबराच्या अखेरीस महिलांच्या लीगला सुट्टी असते हे मला कळतं. पण नाताळाच्या आगेमागे एक सामना, मैत्रीचा का असेना, शाळेच्या मुलींचा का असेना, दर वर्षी ठेवायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे उंची. मोठ्या मैदानावर कमी गर्दी असली की पोकळ वाटतं, टीव्हीवर वाईट दिसतं, देखभालीला पैसा लागतो, हे सगळं खरं आहे. मी रविवारी तिथं असते, रिकाम्या खुर्च्या मलाही दिसतात. वरचे मजले आज बंद ठेवायचे तर ठेवा. पण ते पाडून, मैदान ‘बायकांच्या मापाचं’ करून घेण्याचा मोह कधी होईल तेव्हा त्या आकड्याकडं बघा. या मैदानाचं माप बायकांनी १९२० मध्येच भरून दाखवलेलं आहे. मधल्या काळात गर्दी आपणहून आटली नाही, ती आटवली गेली. झरा परत वाहायला वेळ लागतो. लीचची ती जाळी तर कुणालाही गंजू देऊ नका. महिलांचं मैदान म्हणून ती गुलाबी रंगवायची कल्पना कुणी बैठकीत मांडली, तर त्या माणसाला माझ्याकडं पाठवा.

तिसरी मागणी वॉल्टनची म्हणून करते, इथली रहिवासी म्हणून. मैदान पाडलं असतं तर घरं आणि आरोग्यकेंद्र मिळणार होतं. वॉल्टनला त्याची गरज होती, अजून आहे. मैदान राहिलं याचा आनंद मानताना ती गरज मी विसरू शकत नाही. पंधरवड्याला एकदा फाटक उघडून बाकी दिवस कुलूप, असं झालं तर आमच्या हाती ना घर ना अंगण. चिप्सची दुकानं, विन्स्लो पब, पार्किंगला अंगण भाड्यानं देणारी कुटुंबं, यांचा एक हंगाम कसाबसा निघेल, दोन निघणार नाहीत. आठवड्याच्या दिवशी आतल्या खोल्या वस्तीला उघडा. शाळांना गवत उघडा. गवत म्हणजे गवतच, मैदानाची सहल नव्हे.

आणि शेवटचं, कागदाचं. क्लब विकले जातात. तुमचाच डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मालकांकडं गेला. फ्रीडकिन समूहानं महिलांच्या बाजूनं जो शब्द दिला त्याचा मी आदर करते, पण शब्द देणारा मालक बदलतो आणि मग शब्दाला वारस राहत नाही. ज्या गावात भाडं वाढलं म्हणून एका क्लबाचे दोन झाले, त्या गावाला कागदाचं महत्त्व मी काय सांगावं? महिला संघाचा या जागेवरचा हक्क दीर्घ मुदतीच्या करारानं पक्का करा, आणि तो करार सगळ्यांना वाचायला ठेवा. आमच्याकडं याला फेरफार नोंद म्हणतात. नोंद झाली की तलाठी चावडीवर नोटीस लावतो, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा म्हणून.

हरकत घेणारे येतील. एका गृहस्थांनी मला पबात ऐकवलंच, की तिकडं फक्त आठवणी आहेत, त्या जपायच्या की बायकांच्या पायाखाली तुडवायच्या? मी त्यांना अॅलिस केलची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझी आजी सेंट हेलेन्सची होती.’ एवढंच. ती त्या दिवशी आली होती का, खेळायची का, काही माहीत नाही. पण त्यानंतर त्यांनी ‘दिलं’ हा शब्द वापरला नाही, आणि माझ्या अर्ध्या ग्लासाचे पैसेही त्यांनीच भरले.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वॉल्टनची एक रहिवासी, मूळची मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. बुलेन्स रोडच्या स्टँडमध्ये काही खुर्च्या खांबामागं आहेत, तिथून एक गोलपोस्ट दिसतच नाही. त्या काढू नका. त्यातली एक मला हवी आहे, पूर्ण हंगामाची. उरलेला अर्धा सामना मी आवाजावरून ओळखेन.